लग्नसराईपूर्वी आखडणाऱ्या घोड्यांची चंदी आणि निगा

तुळशीचे लग्न लागले की ठाणे, कल्याण, भिवंडी आणि नवी मुंबई परिसरात वराती सुरू होतात आणि पावसाळाभर पागेत उभ्या राहिलेल्या घोड्यांना एकदम काम लागते. ज्या घोड्याचे अंग पूर्वी एकदा तरी कामात आखडले आहे, त्याच्यासाठी हा काळ धोक्याचा असल्यामुळे त्याची तयारी दसऱ्यापासूनच सुरू करावी.

टाइंग-अप म्हणून पशुवैद्यकांना परिचित असलेल्या या त्रासात श्रमामुळे स्नायूंच्या पेशी, विशेषतः पुठ्ठ्यांच्या, फुटू लागतात. घोडा पावले आखूड टाकतो, अवेळी घामाने भिजतो, पुठ्ठे हाताला दगडासारखे लागतात आणि पुढे तो जागचा हलेनासा होतो. फुटलेल्या पेशींतील मायोग्लोबिन हे स्नायूंचे प्रथिन रक्तात उतरल्यामुळे लघवी कॉफीच्या रंगाची होते. ते मूत्रपिंडांना घातक असते.

युरोपात पूर्वी ओझ्याच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे, पण चंदी म्हणजे धान्याचा खुराक पूर्ण मिळे, आणि सोमवारी सकाळी कामाला जुंपताच ते आखडत. आपल्याकडे रविवारची जागा पंचांगाने घेतली आहे. लागोपाठ मुहूर्त असले की घोडा रात्री उशिरापर्यंत राबतो आणि मुहूर्त नसले की आठवडाभर खुंट्याला उभा असतो. मात्र तोबऱ्यातला हरभरा आणि भरडा रोज तेवढाच राहतो. काम नसलेल्या दिवशी चंदी निम्म्यावर आणावी आणि काम पुन्हा सुरू झाल्यावरच, तेही दोन-तीन दिवसांत, वाढवावी. अंगात ताकद राहावी म्हणून सुट्टीतही गूळ चारण्याची प्रथा या घोड्यांच्या बाबतीत पूर्ण बंद करणेच योग्य.

आहाराचा पाया चारा हाच असावा. तो किती द्यायचा हे घोड्याच्या वजनावर ठरते. वजन काढण्यासाठी छातीच्या घेराचा वर्ग करून त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये घेतल्यास वजन साधारण किलोत मिळते. घेर १६५ आणि लांबी १५५ असेल तर वजन सुमारे ३५५ किलो भरते, आणि वजनाच्या दीड ते दोन टक्के या हिशेबाने अशा घोड्याला रोज साडेपाच ते सात किलो वाळला चारा लागतो. मुरबाड-शहापूरकडचे पावसानंतर कापलेले गवत चांगले वाळलेले असेल तर उत्तमच. बुरशीचा वास येणारी पेंढी मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर घोडा पोसत नाही. संकरित नेपिअर गवतातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवते आणि गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त असतो, त्यामुळे ही जोडी रोज देणे टाळावे व थोडी लसूणघास मिसळावी.

धान्य कमी केल्यावर रोड होणाऱ्या घोड्याला ताकद तेलातून द्यावी. चंदीवर रोज ५० मिलि वनस्पती तेलापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत ते २०० ते २५० मिलिपर्यंत न्यावे आणि सोबत पशुवैद्यकाने ठरवलेल्या मात्रेत ई जीवनसत्त्व द्यावे. तेल नळकांड्याने कधीही पाजू नये, ते फुप्फुसात जाऊ शकते. आधीच अंगाने सुटलेल्या घोड्याला तेलाची गरज नाही. सेलेनियम मनाने देऊ नये. ते जास्त झाल्यास आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खूर तडकतात. घाम येणाऱ्या दिवसांत ३० ग्रॅम मीठ आणि सदैव स्वच्छ पाणी हवे.

काम सुरुवातीला १५ मिनिटांच्या चालीपासून तीन-चार आठवड्यांत वाढवावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते सकाळी आठच्या आत उरकावे. शहरातल्या पागांना मोकळी जागा नसते, हे खरे. तरीही रहदारी सुरू होण्याआधी मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, घोडा अर्धा तास हाताने फिरवावा आणि हा नेम सुट्टीच्या दिवशीही मोडू नये. शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांमध्ये, विशेषतः बुजऱ्या माद्यांमध्ये, नुसत्या उत्तेजनानेही हा त्रास उद्भवतो. डीजे आणि फटाक्यांत अशी घोडी उभी करून तिच्यावर नवरदेव बसवणे हे मुळातच धाडस आहे.

घोडा आखडलाच तर वरात असो वा रपेट, तेथेच थांबावे, स्वाराला उतरवावे, साज काढावा, सावलीत पाणी द्यावे आणि पशुवैद्यकास बोलवावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. सर्वांत मोठी चूक येथे होते: पोटशूळ समजून घोड्याला फिरवले जाते. पोटशुळात घोडा पोटाकडे वळून पाहतो, लोळतो. आखडलेला घोडा ताठ उभा राहतो, आणि त्याला चालवलेले प्रत्येक पाऊल आणखी स्नायू फोडते. घरात पडलेले वेदनाशामकही टोचू नये, कारण अंगातले पाणी कमी झालेले असताना ते मूत्रपिंडांवर उलटते.

चार-सहा तासांनी घेतलेल्या रक्तात सीके (क्रिएटिन कायनेज) हे स्नायूंतले विकर किती चढले, यावरून इजा किती झाली ते कळते. घोडा दुसऱ्या दिवशी बरा दिसला तरी एवढ्यावर वरातीची सुपारी घेऊ नये. पुन्हा रक्त तपासून सीके उतरल्याची खात्री झाल्यावर, आधी हाताने चाल आणि मगच खोगीर, या क्रमाने त्याला कामावर आणावे.