कढीपत्ता आणि रुईवर पाहा फुलपाखराच्या चारही अवस्था

फुलपाखरामागे धावण्यापेक्षा त्याच्या अळीचं झाड गाठा. मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते, कारण तिच्या अळीला दुसरा पाला चालत नाही. मराठवाड्यात सुरुवातीला दोन झाडं पुरेत. अंगणातल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबोणीवर लाइम बटरफ्लाय येतं, तर बांधावरच्या रुईवर प्लेन टायगर. लाइमची अळी मोसंबीवरही वाढते, पण जालन्याकडच्या बागांत तिच्यासाठी फवारणी होते. म्हणून निरीक्षणाला औषध न मारलेलं घरचंच झाड घ्या.

मृगाचा पाऊस पडून पालवी फुटली की सुरुवात करा. १०पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, वही आणि रंगीत दोरा एवढं साहित्य लागतं.

१. अंडं शोधा. सकाळी ९ ते ११च्या उन्हात झाडाजवळ थांबा. अंडी घालायला आलेली मादी फुलांकडे वळत नाही. पाल्याभोवती घोटाळते, पानावर क्षणभर टेकते आणि पोटाचं टोक वाकवते. ती उडाली की तेच पान बघा. लाइमचं अंडं फिकट पिवळं, गोल, जेमतेम १ मिमीचं असतं आणि कोवळ्या शेंड्यावर एकेकटं चिकटवलेलं दिसतं. प्लेन टायगरचं पांढरट, उभट अंडं बहुधा रुईच्या पानाखाली मिळतं. रुईवरचे पिवळे पुंजके मात्र मावा किडीचे असतात, त्यांना अंडी समजू नका. खुणेचा दोरा पानाला नको, फांदीला सैल बांधा. पान तर अळीच खाऊन टाकणार आहे.

२. अळीची रोज नोंद ठेवा. साधारण ३-४ दिवसांत अळी निघते आणि बहुतेकदा आधी अंड्याचं कवच खाते. अळी कात टाकत पाच टप्प्यांत वाढते. लाइमची अळी पहिले चार टप्पे पक्ष्याच्या विष्ठेसारखी, तपकिरी-पांढरी दिसते. पाचव्या टप्प्यात ती हिरवी होते आणि पानांत हरवते. तेव्हा खालच्या पानांवरच्या काळपट लेंड्या शोधा, मग त्यांच्या बरोबर वर पाहा. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. हे एकदा पाहिलं की पुरे.

अळी न खाता एका जागी निश्चल बसली तर ती आजारी आहे असं समजून हलवू नका. ती कात टाकत असते, आणि या वेळी ओढाताण झाली तर मरू शकते.

रुईवर भिंग लावून थांबाच. प्लेन टायगरची लहान अळी पानावर आधी गोल चर कुरतडते, त्यातून चीक वाहून जाऊ देते आणि मग आतला भाग खाते. मोठ्या अळीच्या अंगावर काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि काळ्या मऊ तंतूंच्या तीन जोड्या असतात. रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे. पान हाताळलं तर लगेच हात धुवा.

३. कोष. सुमारे दोन आठवड्यांनी अळी खाणं सोडते आणि भटकू लागते. अनेकांची अळी इथेच हरवते, म्हणून या काळात दिवसातून दोनतीनदा बघा आणि आजूबाजूच्या काड्या, कुंडीचा काठ, भिंतही तपासा. लाइमचा कोष डोकं वर ठेवून कमरेला रेशमी धाग्यानं बांधलेला असतो, रंग भोवतालाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी. प्लेन टायगरचा कोष उलटा लटकतो.

४. फुलपाखरू. उबदार हवेत ८-१० दिवस लागतात, थंडीत जास्त. कवचातून पंखांचे रंग दिसू लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर या. बाहेर आल्यावर पंख सुकेपर्यंत त्याला हात लावू नका. चुरगळलेला पंख पुन्हा सरळ होत नाही.

अळी डब्यात ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. बंद डब्यात दमटपणाने बुरशी येते, आणि बाजारातल्या कढीपत्त्यावर औषधाचा अंश असला तर अळी मरते. झाडावरही प्रत्येक अंड्याचं फुलपाखरू होत नाही. कोष काळा पडून त्याला बारीक भोक दिसलं तर आतून परजीवी गांधीलमाश्या निघून गेल्या आहेत. तारखेसह तीही नोंद करा.

ही दोन झाडं नजरेत बसली की एरंडावर कॉमन कॅस्टर आणि बहाव्यावर कॉमन एमिग्रंटच्या अळ्या शोधायला घ्या.