शाळेच्या इमारतीचा खर्च लिहिताना या चुका टाळा

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे पाऊस वर्गात आधी येतो, अनुदान नंतर. मग मुख्याध्यापक पदरचे पैसे घालून पत्रे बदलून घेतात आणि मार्चअखेर कागद जुळवायला बसतात. पत्रे जूनचे, बिल फेब्रुवारीचं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव त्याच्याही नंतरचा! ऑडिटवाला आधी तारखाच पाहतो. घाई असली तरी समितीची सभा एका संध्याकाळी होते. ठराव आधी, बिल शाळेच्या नावाने, पैसे दुकानदाराच्या खात्यावर.

सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: दुरुस्तीच्या पैशातून नवं बांधकाम. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान साठेक पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये. त्यातून वीजबिल, नळ, रंग, फुटकी कौलं भागवायची. किमान १० टक्के, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेवर. एका शाळेच्या दप्तरात मी पाहिलं, याच पैशातून नवी खोली उठवली होती आणि किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, लिहिलं होतं ‘किरकोळ दुरुस्ती’. खोली झकास होती, मुलं वापरतही होती. पण होतं ते नीट करणं म्हणजे दुरुस्ती. नव्हतं ते उभं केलं की ती मालमत्ता. तिला मंजूर अंदाजपत्रक हवं, अभियंत्याने भरलेली मोजमाप पुस्तिका हवी, मालमत्ता नोंदवहीत नोंद हवी. तिथे तिन्ही नव्हतं. सगळी रक्कम ऑडिटच्या आक्षेपात अडकली. अनुदान कशावर खर्च झालं ते सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रातही सर्वसाधारण अनुदान आणि भांडवली मालमत्तेचं अनुदान वेगवेगळं दाखवावं लागतं, ते याचसाठी.

खासगी कंपनीत काम केलेले हिशेबनीस इमारतीवर घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, लावून मोकळे होतात. उपयोगिता प्रमाणपत्रात प्रत्यक्ष झालेला खर्च दाखवायचा असतो. घसाऱ्याला तिथे जागा नाही.

जुनी खोली पाडायची तर आधी निर्लेखनाची, म्हणजे ती दप्तरातून कमी करण्याची, मंजुरी. वासे, पत्रे, दगड यांची यादी करा. ‘कुणीतरी नेलं’ हे उत्तर चालत नाही. या सामानाच्या लिलावाचे पैसे अनुदानात मिसळायचे नाहीत. अनुदानावरचं व्याजही शाळेची कमाई नव्हे.

नोंद चुकलीच असेल तर व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारा, बरोबर आकडा वर लिहा, सही आणि तारीख टाका. प्रमाणपत्र पुढे गेलं असेल तर नुसती किर्द सुधारून भागत नाही. कारणासह पत्र आणि सुधारित प्रमाणपत्र गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्या.