फोटोवरून अलक कशी लिहायची

दिवाळी अंकवाले हल्ली फोटो देऊन त्यावर शंभर शब्दांची अलक मागवतात, म्हणजे अति लघु कथा. लिहून बघितली की कळतं, शंभर शब्द किती पटकन संपतात ते.

पहिल्यांदा फोटो नुसता बघायचा. मोबाईलवर झूम करून कोपरे बघा, मागची भिंत बघा, कारण मधोमध जे आहे ते सगळ्यांनाच दिसतं आणि सगळे त्याच्यावरच लिहितात. मग मनात खटकेल अशी एकच वस्तू धरायची.

माझ्याकडे सांगलीतल्या नदीकाठच्या एका घराचा फोटो होता, २०१९ च्या पुरानंतरचा. भिंतीवर पाण्याची मळकट रेघ, खाली पोपडे. मी लगेच नदीवरचा आयर्विन पूल, कृष्णामाई, अश्रू वगैरे लिहून मोकळी झाले आणि ती बातमी झाली, गोष्ट नाही. चार दिवसांनी परत बघितलं तर आजोबांची तसबीर पार छताला टेकलेली, आणि तिच्या खाली एकाखाली एक दोन रिकामे खिळे. एवढ्या वर कोण लावतं हो तसबीर? मग लक्षात आलं, एक खिळा २००५ च्या पुराआधीचा, दुसरा त्या पुरानंतरचा आणि तसबिरीचा हा तिसरा, २०१९ नंतरचा. गोष्ट तिथे होती.

दुसरं काम, फोटो काढल्यानंतरच्या मिनिटात काय झालं असेल ते लिहायचं. फोटोत दिसतंय ते परत सांगायचं नाही, त्यात शब्द वाया जातात. माझं असं झालं:

"आजोबांना हार घालायला आता स्टूल लागतं. आजी स्टूल धरते, नातू चढतो. 'आज्जे, खिळा अजून वर घेऊ का?' आजीने छताकडे बघितलं. 'नको. पुढच्या टायमाला ह्यांना बरोबरच घेऊन जाऊ.'"

यात पूर हा शब्द नाही, रेघ नाही, कारण ते फोटो सांगतोच. पहिल्या खर्ड्यात आजी 'फोटो बरोबर घेऊन जाऊ' म्हणत होती. 'फोटो'च्या जागी 'ह्यांना' केलं आणि माझंच मन भरून आलं. म्हणून सांगते, शेवटच्या वाक्यातला एकेक शब्द बदलून मोठ्याने वाचा, घरातल्या कुणाला तरी ऐकवा, आणि बोली आपल्या गावची ठेवा, सांगलीची आजी पुण्यासारखी बोलली की गोष्ट तिथंच पडते.

पात्रं दोन बास, तीन म्हणजे गर्दी. 'अचानक', 'जणू काही', 'डोळ्यांत पाणी तरळले' हे सरळ काढायचं. शीर्षकात शेवट फोडायचा नाही. मी 'तिसरा खिळा' दिलं.

पाठवताना युनिकोडमध्ये (मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर होतं तसं) टाईप करा, शीर्षक शब्दसंख्येत धरतात का ते आधी विचारून घ्या. फोटो आपला नसेल तर काढणाऱ्याची परवानगी आणि नाव दोन्ही हवं, आणि कुणाच्या घरातला असेल तर त्या घरच्यांना गोष्ट आधी वाचून दाखवा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर फोटो बारीक होतो नि छापायला चालत नाही, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून नाहीतर मेलने पाठवा.