सनरूफवाल्या गाडीत पावसाचं पाणी येतंय? नेमकं कुठून ते असं शोधा

गणपतीत गावाला गेलं की दरवर्षी कुणाच्या तरी गाडीत पायाखाली पाणी साचलेलं असतं आणि मालकाचं ठरलेलं वाक्य, "मुंबईत कधी एक थेंब आला नाही हो!" नसेलही आला. मुंबईत ती सोसायटीच्या पार्किंगमधे छपराखाली असते, इथे खळ्यात (घरापुढच्या अंगणात) आंब्याखाली, तोंड उताराला करून दोन-दोन दिवस एका जागी उभी आणि वरून झड थांबायचं नाव नाही. गाडी पुण्याची असेल तर फरक आणखी मोठा, तिथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या कोकण किनारपट्टीवर ३००० च्या आसपास. त्यामुळे तिकडे लपून राहिलेला दोष इकडे आल्यावर दोन रात्रीत उघडा पडतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी शंभर टक्के अडवायला दिलेलंच नसतं, थोडं पाणी आत येणार हे कंपनीने धरलेलं असतं. म्हणून काचेखाली चारी बाजूंनी एक ट्रे असतो, कौलारू घराच्या पन्हळीसारखा, आणि त्याच्या कोपऱ्यांतून बारीक पाइप निघतात, बहुतेक गाड्यांत चार. पुढचे दोन समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून खाली जातात, मागचे दोन मागच्या खांबांतून, आणि पाणी गाडीखाली सोडतात. म्हणजे गाडीत पाणी आलं तर बहुतेक वेळा पाइप तुंबलाय, नाहीतर जोडातून निसटलाय, क्वचित ट्रेलाच चीर गेलीय. रबराचा दोष त्यामानाने कमी वेळा असतो. तेव्हा शेजारचा कुणी "सिलिकॉन मार नि सोड" म्हणाला तर ऐकू नका. काचेच्या कडेला सिलिकॉन फासून तुंबलेला पाइप काही मोकळा होत नाही, आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं जे स्वस्त सिलिकॉन मिळतं त्यातून आम्ल सुटतं, ते पत्र्याला गंज धरवतं. खाऱ्या हवेत आधीच काय कमी गंज आहे.

आता शोधायला लागू. पहिलं म्हणजे हे पाणी पावसाचंच आहे का ते बघा. पाऊस नसताना एसी लावून लांब गेलात आणि डाव्या सीटच्या पायाशी ओलं झालं, तर संशय एसीच्या पाण्यावर. एसी चालू ठेवून गाडी उभी करा, आपल्या दमट हवेत थोड्या वेळात खाली टपटप पाणी पडायलाच हवं, नाही पडलं तर एसीची नळी तुंबलीय. पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, मग सनरूफ विसरा आणि मेकॅनिक गाठा.

पाऊसच आहे असं ठरलं की ओल कुठवर गेलीय ते हाताने चाचपा. नुसतं मॅट उचलून बघू नका, कार्पेट वरून कोरडं लागतं आणि खालचा फोम पिळला तर तांब्याभर पाणी निघतं. सन वायझरच्या वर, आतल्या दिव्याभोवती, खांबांच्या प्लास्टिकच्या कडेला छताच्या कापडावर चहासारखे पिवळट डाग आहेत का बघा. मागचे सीटबेल्ट पूर्ण ओढून काढा, पट्टा ओला किंवा बुरशीचे काळे ठिपके पडलेला निघाला तर पाणी बहुधा त्याच बाजूच्या मागच्या खांबातून उतरतंय. डिकीत स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्यात पाणी आहे का तेही बघून घ्या. पाणी जिथे दिसतं तिथूनच आत आलं असं मात्र समजू नका, छतावरून आत शिरलेलं पाणी वायरिंगच्या कडेकडेने सरकत पार दुसऱ्या टोकाला निघू शकतं.

मग मुख्य परीक्षा, आणि तिला लागतो फक्त एक पेला आणि पाणी. गाडी सपाट जागी घ्या, सनरूफ पूर्ण उघडा, ट्रेच्या खाचेतला कचरा ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने काढा. आपल्याकडे तिथे काय काय निघतं, गुलमोहोराची बारीक पानं, आंब्याचा मोहोर, चिऱ्याच्या खाणीजवळ घर असेल तर लाल धुळीचा चिखल, कधी कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घरसुद्धा. कोपऱ्यात पाइपचं भोक दिसेल (मागची भोकं बऱ्याच गाड्यांत वरून दिसत नाहीत, तिथे ट्रेच्या मागच्या बाजूला पाणी सोडायचं). हळूहळू अर्धा पेला ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली वाकून बघायला सांगा. पुढचं पाणी दाराच्या बिजागरीजवळच्या फटीतून किंवा पुढच्या चाकाच्या मागून पडतं, मागचं मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आतून. लगेच धार आली तर पाइप ठीक. पाणी ट्रेमधेच थबकलं तर तुंबलाय. आणि पाणी झटकन खाली गेलं पण गाडीखाली पडलंच नाही, तर पाइप आत कुठेतरी निसटलाय आणि ते पाणी आता तुमच्या कार्पेटमधे आहे. ओतणं थांबवा. चारही कोपरे वेगवेगळे तपासा, डावी-उजवी तुलना केली की लगेच कळतं. शेवटी गाडी नेहमी उभी असते तशी उतारावर लावून परत एकदा बघा, कारण तोंड खाली असलं की सगळा भार पुढच्या दोन पाइपांवर येतो.

तुंबलेला पाइप मोकळा करायला बागेत गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी एकदम बेस्ट, नाहीतर जाडी तंगूस (मासे पकडायची नायलॉनची दोरी) घ्या. टोक लायटरने जरा वितळवून गोल करा, नाहीतर पाइपच्या आत ओरखडे पडतील. फिरवत फिरवत हलक्या हाताने आत सारा, अडलं की मागे घ्या, परत घाला, जोर नको. तारेचा तुकडा किंवा छत्रीची काडी अजिबात नको. पंक्चरवाल्याकडची हवा तर मुळीच मारू नका, त्या प्रेशरने पाइप जोडातून सुटतो आणि पाचशे रुपयांचं काम छत उतरवण्यावर जातं. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर खेचून काढलेलं बरं. काही गाड्यांत पाइपच्या खालच्या टोकाला चपटं रबरी तोंड असतं, चिखल तिथेच अडकतो, ते बोटाने चिमटून उघडा.

पाइप निसटलेला निघाला तर खांबाचं प्लास्टिक स्वतः उपटायला जाऊ नका. त्याच्या आत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते. ते काम बॅटरी काढून, माहीतगार माणसाकडूनच करून घ्यायचं.

चारही पाइप चांगले आहेत आणि तरी पाणी येतंय? मग होसपाइप घ्या, तोंडाला नोझल न लावता, साधी धार. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दारं बंद. धार खालून सुरू करून वर जायचं आणि एका जागी निदान पाच मिनिटं धरायची, वरूनच सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. पहिली दारं (स्पीकर बदलताना दाराच्या आतलं प्लास्टिक फाटलेलं असतं, किंवा खालची निचऱ्याची भोकं चिखलाने बंद), मग डिकीचं रबर आणि मागचे लाइट, मग वायपरखालची जाळी, मग समोरच्या काचेची कड, विशेषतः काच बदललेली असेल तर, आणि शेवटी छतावरचे रेल आणि अँटेना. वायपरखाली पानं साचली असतील तर ग्लव्हबॉक्सच्या मागचा एसी फिल्टर काढून बघा, तो भिजलेला असला की चोर सापडला. आतल्या माणसाने संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवावी, ओघळ लगेच उमटतो.

सापडल्यावर वाळवणं, आणि श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे ते आपोआप होत नाही. कार्पेट उचलून खाली काहीतरी टेकण द्या, फोम पिळा, वर्तमानपत्र कोंबून बदलत राहा, टेबलफॅन लावा. काचा बंद करून एसी चालवला तरी ओल बरीच खेचली जाते. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते सोडू नका. बाकीच्या जोडांवर हिरवट थर दिसला तर इलेक्ट्रिशियनला दाखवा, दुर्लक्ष केलं तर दिवाळीपर्यंत सेंट्रल लॉक वेड्यासारखं वागायला लागतं.

कार्पेट परत बसवायची घाई करू नका. एक चांगला रात्रभराचा पाऊस जाऊ द्या, सकाळी उघड्या पत्र्यावर हात फिरवा, कोरडा लागला की मगच बसवा.