जुन्या बारच्या काउंटरला कुठलं पॉलिश?

मुंबईच्या ताज हॉटेलमधला हार्बर बार 1933 सालचा. त्या काळात सागवानी फर्निचरला लाख पॉलिश सर्रास असे. ते दिसतं देखणं, पण चपडा, म्हणजे ज्यापासून हे पॉलिश बनतं ती पापुद्र्यांची लाख, विरघळतो स्पिरिटमध्ये, आणि रम, जिनमध्येही अल्कोहोलच असतं. सांडलेला पेग पुसायला उशीर झाला की पॉलिश चिकट होतं. म्हणून जुना काउंटर दुरुस्त करताना वरची फळी आणि दर्शनी बाजू वेगवेगळी हाताळायची.

आधी पॉलिश ओळखा. आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. बोट चिकटलं तर लाख. स्पिरिटने काही होत नाही पण थिनरने मऊ पडतं, तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेलं पॉलिश.

वरच्या फळीला पीयू द्यायचं, म्हणजे पॉलीयुरेथेनचं पॉलिश. त्याआधी तिथली लाख स्पिरिट आणि बारीक स्टील वूलने पूर्ण काढा. थोडी जरी राहिली तरी त्यातल्या मेणामुळे पीयू धरत नाही, पापुद्रे सुटतात. मग 180 आणि 240 नंबरचा पॉलिश पेपर, रेषेच्या दिशेनेच. आडवा घासलात तर ओरखडे पीयूखाली कायमचे. सागात तेल असतं. पहिल्या हाताच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसा. दोन डब्यांचं पीयू, तीन हात, मध्ये 320 चा पेपर. दोन हातांमधलं अंतर डब्यावर दिलेलं पाळा. हे काम पावसाळ्यात काढू नका. दुसऱ्या डब्यातल्या हार्डनरची (पीयू कडक करणाऱ्या द्रवाची) दमट हवेशी गाठ पडली की बारीक बुडबुडे येतात. मुंबईत डिसेंबर-जानेवारी बरा.

दर्शनी फळ्यांना मात्र लाखच ठेवा. तिथे पीयू प्लास्टिकसारखं दिसतं. लिटरभर स्पिरिटमध्ये 150 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. बरणी काचेची घ्या, लोखंडी डब्यात लाख काळी पडते. कापसाचा बोळा मलमलीत बांधून पातळ हात मारत जा. बोळा एका जागी थांबला की खालचा थर ओढला जातो.

लाखेवर ग्लासचं पांढरं कडं उमटलं की लगेच पेपर घेऊ नका. ती वरच्या थरात अडकलेली ओल असते. स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा एकदा झरकन फिरवा, बहुतेक वेळा जाते.

फळीऐवजी संगमरवर बसवायचा मोह होतो. पण बारमध्ये दिवसभर लिंबू कापलं जातं, आणि लिंबाचा रस संगमरवराची झिलई खातो. तो डाग पुसून जात नाही, घासूनच काढावा लागतो.