गुरगुरणारा, खरखरणारा किंवा मुका झालेला २.१ स्पीकर घरी कसा दुरुस्त करावा

एक वूफर आणि दोन छोटे स्पीकर असा २.१ संच बिघडला की बऱ्याचदा "बोर्ड गेलाय, नवीन घ्या" असंच ऐकायला मिळतं. खरं तर जड ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या संचाच्या आत फार काही नसतं: ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन मोठे कंडेन्सर आणि दोन-तीन आयसी (आवाजाचं काम करणाऱ्या चिप). बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा आवाजावरूनच कळतं, म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी नीट ऐका.

आधी न उघडता तपासा

ऑक्स केबल बदलून आणि दुसऱ्या फोनवर गाणं लावून बघा. एकाच बाजूचा आवाज गेला असेल तर दोन्ही छोट्या स्पीकरच्या पिना मागच्या सॉकेटमध्ये अदलाबदल करा. तोच स्पीकर दुसऱ्या सॉकेटवरही मुका राहिला तर दोष त्या स्पीकरचा किंवा त्याच्या वायरचा. मुकेपणा त्याच सॉकेटवर राहिला तर इनपुटच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल करा. आता बाजू बदलली तर केबल खराब, नाही बदलली तर ॲम्प्लिफायर.

संशयित स्पीकरची पिन सॉकेटमधून काढा आणि तिच्या दोन टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. 'खट्' आवाज आला तर कॉइल (स्पीकरच्या आतलं तारेचं वेटोळं) शाबूत आहे. मल्टिमीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा वायर तुटली आहे.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की गुणगुण सुरू होते आणि चार्जर काढला की थांबते? मग संच ठणठणीत आहे, भानगड अर्थिंगची आहे. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तरीही राहिली तर ऑक्स केबलच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो लावा. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका.

नॉब फिरवताना खरखर

हा व्हॉल्यूम पॉटचा, म्हणजे नॉबमागच्या भागाचा, दोष. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलावाही. संच बंद करून पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. मशीनचं तेल घालू नका. चार दिवस बरं वाटतं, मग त्यावर आणखी धूळ चिकटते.

उघडताना

प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबा. मागची पट्टी काढल्यावर आत जड ट्रान्सफॉर्मर न दिसता फक्त सर्किट बोर्ड दिसला तर तो एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी सर्किटवर चालणारा वीजपुरवठा) आहे. त्याच्या मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठून राहू शकतो. तिथे हात न घालता पट्टी परत लावा आणि जाणकाराकडे द्या. ट्रान्सफॉर्मरवाल्या संचातही २३० व्होल्टची बाजू, म्हणजे स्विच, फ्यूज आणि प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टकडच्या वेटोळ्याच्या) वायरी, प्लग लावलेला असताना अजिबात हाताळू नका.

दिवाच लागत नाही

आधी फ्यूज बघा. काच काळी पडली असेल तर आत शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घ्या, आणि पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या एका वायरच्या वाटेत, ६० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब ठेवा (एलईडी नको). बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करा, प्लग काढा आणि चारही डायोड मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासा: चांगला डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो. दोन्ही बाजूंनी शून्य आलं तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा, आणि तसाच निघाला तर बदला.

ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटलेली दाखवत असेल तर बहुधा आतला थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर वीज तोडणारा) गेलेला असतो. तो बायपास करून संच चालवणारे आहेत. घराला आग लागू शकते, तसं करू नका. ट्रान्सफॉर्मरच बदला.

व्हॉल्यूम शून्यावर, तरी गुरगुर

हा जुन्या संचांचा ठरलेला आजार. आपली वीज ५० हर्ट्झची. चार डायोडमधून गेल्यावर त्याच्या १०० हर्ट्झच्या लाटा होतात. त्या सपाट करायचं काम मोठ्या फिल्टर कंडेन्सरचं. वर्षानुवर्षं ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेत राहून ते आतून सुकतात आणि ती लाट थेट वूफरमध्ये उतरते. कंडेन्सरचं डोकं बोटाने चाचपून बघा: सपाट असायला हवं, फुगलं असेल तर गेला. पण सपाट डोक्याचाही सुकलेला असू शकतो, म्हणून गुरगुर असेल तर जोडी एकदमच बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्री सेल्सिअसपर्यंत उष्णता सोसणारा मागा. अंगावरची पट्टी म्हणजे निगेटिव्ह पाय. उलटा लावला तर फुटतो.

आयसी गेला का?

स्पीकरच्या पिना काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर करा आणि बाहेरच्या सॉकेटवरच डीसी व्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्ट चालतात. कित्येक व्होल्ट आले तर त्या बाजूचा आयसी शॉर्ट असण्याचीच शक्यता जास्त, आणि स्पीकर तसाच जोडला तर त्याची कॉइल जळेल. अशा संचांत टीडीए२०३० हा आयसी बराच सापडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. नकलाही फिरतात, म्हणून ओळखीच्या दुकानातून घ्या. जुना काढताना त्याच्यामागचा अभ्रक (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) जपून ठेवा. या आयसीची धातूची पाठ निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते, त्यामुळे अभ्रक विसरला तर हीटसिंकमधून (आयसी थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यातून) नवा शॉर्ट होऊ शकतो.

सगळं झाल्यावर पुन्हा सिरीज बल्बवरच सुरू करा, मग थेट विजेवर कमी आवाजात अर्धा तास चालवा आणि प्लग काढून हीटसिंकला हात लावून बघा. कोमट असेल तर मागची पट्टी बसवा, कडेने फोमची पातळ पट्टी लावून. फट राहिली तर बास वाजताना तिथून फुरफुर येते.