लाईट गेली तरी रेकॉर्डिंग शाबूत: माझा अनुभव

मे महिन्यात आमच्या जळगावात लाईट कधी जाईल नेम नाही. गेमचं रेकॉर्डिंग एमपी४ मध्ये व्हायचं. मध्येच लाईट गेली की अख्खी फाईल बाद, कारण तिची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहिली जाते. मग ओबीएस स्टुडिओ हे स्क्रीन रेकॉर्डिंग आणि लाइव्हचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, वॉटरमार्क नाही. सेटिंग्ज, आउटपुट, तिथे रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही (व्हिडिओ फाईलचा दुसरा प्रकार) केला. आता लाईट जाईपर्यंतचं सगळं वाचतं. नंतर फाईल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने एमपी४ करायचं. पुन्हा एन्कोडिंग (व्हिडिओ नव्याने कॉम्प्रेस करणं) होत नाही, म्हणून पटकन उरकतं.

गेम अडखळायचा, तेव्हा एन्कोडिंगला प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४ ऐवजी ग्राफिक्स कार्डाचा एनव्हेंक एन्कोडर लावला. प्रोसेसर मोकळा झाला. लाइव्हही ओबीएसवरूनच. एडिटिंगला शॉटकट नावाचं सॉफ्टवेअर. दाविंची रिझॉल्व्ह भारी आहे, पण माझ्या ८ जीबी रॅमला झेपत नाही.